चेंडूला विटाळ नव्हता!

दोस्तांनो, पालवणकर बाळू हे नाव ऐकलंय कधी? डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले! पण पुण्यात क्लबकडून खेळताना चहाच्या वेळी ते एकटेच बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा पीत. कारण? जात. त्यांनी टाकलेला चेंडू मात्र सगळे झेलत हो! मला सर्वांत जास्त चीड येते ती याचीच. बळी हवेत, माणूस नको.

आमच्या गल्लीत ज्याची बॅट, तो कप्तान. तिकडे ज्याची जात वरची, तो. हिंदू संघाचं कप्तानपद बाळूंना कधी मिळालंच नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदू संघाने जिंकली.