पहारेकरी

आमच्या घरी गेल्या वर्षापासून एक पहारेकरी आहे. त्याला पगार नाही, चहा नाही, आणि दिवाळीची पोस्तही नाही. तो संगणकात राहतो. नाव एंटर. इंग्रजीत लिहिताना त्यातला दुसरा ‘ई’ गाळतात. पहारेकऱ्याने एका अक्षराची काटकसर केली तर बिघडले कुठे!

त्याला घरात आणावे लागले ते माझ्या विसराळूपणामुळे. माझी कादंबरी सत्तावीस प्रकरणांची आणि प्रत्येक प्रकरणाची फाईल वेगळी. ती सारी जोडून छापखान्यासाठी एक सलग प्रत काढायची, तर दर वेळी काळ्या पडद्यावर एक आज्ञा लिहावी लागे. एकदा नवव्या प्रकरणातली चूक सुधारली, आज्ञा द्यायला विसरलो आणि जुनीच प्रत छापखान्याकडे धाडली. तिसऱ्या प्रकरणात वारलेले नायिकेचे वडील नवव्यात खुशाल चहा पीत बसले!

“हे दुखणे जुने आहे, मामा,” भाचा म्हणाला. तो संगणकाच्या धंद्यातला. त्याने गोष्ट सांगितली ती अशी. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एका माणसाची अख्खी सकाळ वाया गेली. प्रोग्रॅममधली चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती. पण दुरुस्त मजकुरावरून नवा प्रोग्रॅम बनवायचा राहिला होता, आणि तो बिचारा नसलेली चूक शोधीत बसला. ते ऐकून त्याचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ हे साधन लिहिले. कोणती फाईल कशावरून बनते हे त्याला सांगून ठेवायचे. मग ते फायलींच्या वेळा ताडून पाहते आणि शिळे झालेले तेवढेच नव्याने बनवते.

“पण त्या मेकला हाक मारायलाच मी विसरलो तर?”

“म्हणून तर एंटर!”

हा एंटर एरिक रॅडमन नावाच्या गृहस्थांनी लिहिला. फायलींची यादी काढायची, एका उभ्या रेघेपलीकडे बसलेल्या एंटरच्या हाती ती सोपवायची, आणि पुढे काम सांगायचे. यादीतली कोणतीही फाईल बदलली की ते काम आपोआप होते.

मला वाटले, हा क्षणाक्षणाला प्रत्येक फाईलीला विचारीत असेल, ‘बदललीस का ग?’ तसे नाही. तो चक्क झोपतो! लिनक्सच्या गाभ्यात २००५ साली ‘आयनोटिफाय’ नावाची सोय आली. तिच्याकडे फायलींची नावे नोंदवून हा निर्धास्त होतो. काही बदलले की गाभाच त्याला हलवून जागे करतो. इतका सुखी पहारेकरी मी दुसरा पाहिला नाही.

काही महिने आमचे छान जमले. मग एका रात्री कादंबरीला अठ्ठाविसावे प्रकरण सुचले. दोन वाजेपर्यंत लिहिले, जतन केले आणि काळ्या पडद्याकडे पाहिले. तिथे हालचाल नाही. पुन्हा जतन केले. तरी शांतता.

सकाळी भाच्याला फोन केला. तो हसला. “मामा, यादी दिली तेव्हा ही फाईल होती कुठे? यादीत जे नाव नाही, ते त्याच्या लेखी नाही. आता ‘डी’चा पर्याय द्या. म्हणजे तो फोल्डरवरही नजर ठेवील, आणि नवी फाईल आली की थांबेल. मग यादी नव्याने द्यायची.”

त्याच दिवशी वर्गात हजेरी घेताना शेवटच्या नावावर माझा आवाज अडखळला. फार वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला. दाखला आला नव्हता, म्हणून पटावर नाव नव्हते. तो खिडकीशी बसे. मी नावे पुकारू लागलो की ताठ होई, आणि मी पट मिटला की सैल होई. एके दिवशी शेवटच्या नावानंतर तो आपणच उठला आणि म्हणाला, “हजर, गुरुजी.” वर्ग हसला. मीही हसलो.

उन्हाळ्याच्या तोंडी हंगाम संपला, टोळी गेली, तोही गेला. माझ्या पटावर एक रेघही खोडावी लागली नाही. त्याचे नाव मी कधी लिहिले नाही, म्हणून आज ते मला सांगताही येत नाही.

एंटरला मी त्याच संध्याकाळी ‘डी’चा पर्याय दिला. अठ्ठाविसावे प्रकरण प्रतीत आले.

आणि वर्गात आता पट मिटण्यापूर्वी मी विचारतो, “कुणाचे नाव राहिले का रे?” बहुधा कुणी उठत नाही. तरी मी थोडा वेळ थांबतो.