मागे बसलेल्यांची शिरगणती

सरकारी आकड्यांचे पुस्तक हौसेने वाचणारा गृहस्थ विरळाच. केंद्र सरकारचे रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय देशातील रस्ते अपघातांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करते. त्यातील २०२२ सालचा अहवाल आम्ही चाळला आणि दोनतीन आकड्यांपाशी असे अडखळलो की, वाचक कुटुंबांपुढे ते मांडल्यावाचून राहवेना.

त्या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे दगावली. आदल्या वर्षी मृतांची संख्या १,५३,९७२ होती. पुढल्या, म्हणजे २०२३ साली ती १,७२,८९० झाली. २०२० च्या टाळेबंदीत ओसरलेली ही संख्या तेव्हापासून दरसाल चढतच गेली.

आता आमच्या गोव्याकडे वळू. २०२२ साली येथे ३,०११ अपघात व २७१ मृत्यू नोंदले गेले. शेजारच्या महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात व १५,२२४ मृत्यू. शंभर अपघातांमागे गोव्यात नऊ माणसे मरतात व महाराष्ट्रात सेहेचाळीस, हे पाहून गोवेकराची छाती फुगावी. परंतु भाजकाकडे नीट पाहावे. कोणालाही इजा न झालेल्या टकरीसुद्धा या नोंदीत येतात, आणि जेथे किरकोळ टकरीही पोलिसांत कळविल्या जातात तेथे भाजक फुगून भागाकार आपोआप लहान होतो. तेच मृत्यू २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येशी ताडून पाहिले, तर महाराष्ट्रात लाखामागे तेरा-चौदा पडतात आणि गोव्यात अठरा-एकोणीस! बाहेरून येणारा प्रवासी येथल्या मृतांत मोजला जातो, लोकसंख्येत नाही, हे खरे. पण तेवढ्यावर समाधान मानण्यास आम्ही तयार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत प्राण गेला तरच तो अपघाती मृत्यू म्हणून गणला जातो. एकतिसाव्या दिवशी रुग्णालयातून आलेल्या शवपेटीला या पुस्तकात जागा नाही.

असो. मृतांपैकी शंभरांत चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरचे होते, एकोणीस-वीस पायी चालणारे. अतिवेग हे कारण सर्वांत मोठे. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही येथे थांबत नाही. आम्हांला थांबविले ते दुसऱ्याच आकड्याने. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक त्या वर्षी मरण पावले. त्यांत ३५,६९२ चालक आणि १४,३३७ मागे बसलेले.

हे चौदा हजार कोण? वाहन त्यांच्या हाती नव्हते. वेग त्यांनी ठरविला नव्हता. आमच्या घरांतून मागे कोण बसते ते मात्र आम्ही जाणतो. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात उभे राहून पाहावे. यजमान हेल्मेट चढवितात, कारण पुढे चौकात पोलीस असतो. मागे एका बाजूला पाय सोडून पत्नी बसते, तिचा एक हात यजमानांच्या खांद्यावर आणि दुसरा मांडीवरच्या मुलावर. धरण्यासाठी तिच्यापाशी तिसरा हात नसतो. अशा स्थितीत गतिरोधकावरचा एक हिसका बसला, तर प्रथम कोण फेकले जाईल हे सांगण्यास विद्वान लागत नाही. घरातल्या सर्वांत जपायच्या जिवांना आम्ही सर्वांत उघडे बसवितो, आणि या व्यवस्थेला कोणी व्यवस्थाही म्हणत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाप्रमाणे पगडी बांधणारे शीख बांधव वगळता चार वर्षांवरील प्रत्येकाने, पुढे बसलेला असो वा मागे, हेल्मेट घालून त्याचा पट्टा आवळला पाहिजे. चार वर्षांखालील मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून निराळा नियम लागू झाला. त्यानुसार मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाच्या डोक्याला हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाखेरीजचे हेल्मेट विकण्यासही मनाई आहे, तरी रस्त्याकडेच्या ढिगातून स्वस्त टोपी उचलणारे सद्गृहस्थ आम्हांला अजून भेटतात.

भगिनींची तक्रार अशी की, हेल्मेटने केस चुरगळतात आणि वेणीतली फुले कुस्करतात. तक्रार खरी आहे; तिच्यावर आमच्यापाशी तोड नाही. दुसरी अडचण अशी की, पोहोचल्यावर ती दोन-तीन हेल्मेटे सांभाळायची कुठे? फेस्ताला आम्ही एका खेड्यात गेलो होतो, तेथे चर्चच्या व्हरांड्यातले जुने लाकडी फडताळ याच कामासाठी रिकामे करून दिलेले दिसले. दहाच्या मिस्सापर्यंत ते भरून गेले होते, आणि उरलेली हेल्मेटे ओळीने पायऱ्यांवर मांडली होती.