माईचं ऊन पाण्याचं कुंड

कुणी महाबळेश्वर-नैनितालचे फोटो दाखवले की मला आमची शिवपुरी आठवते. महाराज बाड्याच्या मागच्या गल्ल्यांत राहणाऱ्या आमच्यासारख्या घरांचं थंड हवेचं ठिकाण तेच, तलाव तोच, आणि एका वर्षी औषधी पाण्याचं तीर्थही तेच झालं.

गोष्ट १९७८ ची. मी दहा वर्षांची. माझी आजी, जिला सगळं घर माई म्हणायचं, तिचे गुडघे धरले होते. बाड्यावर भाजी आणायला जाणं तिचं आवडतं काम, तेही बंद पडलं. गोरखीपर्यंत गेली की कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसायची आणि घरी निरोप यायचा, माईंना घ्यायला या.

अशात ठाण्याच्या आत्याचं पत्र आलं. वज्रेश्वरीला गंधकाची ऊन पाण्याची कुंडं आहेत, जमिनीत खोल तापलेलं पाणी आपोआप वर येतं, लोक आठ-आठ दिवस राहून अंघोळी करतात, माईला घेऊन या. माईने ते पत्र तीनदा वाचून घेतलं. बाबा ए.जी. ऑफिसात कारकून. धाकट्या काकांच्या शिक्षणाचा खर्च त्यांच्यावरच. सगळ्यांनी मुंबईकडे जायचं म्हणजे तिकिटांपासून जुळवाजुळव. शिवाय जावयाच्या घरी आठ-पंधरा दिवस पडून राहणं माईलाही पटेना. पण तिने पत्र काही टाकलं नाही, पोथीत ठेवलं.

एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, "माई, एवढं लांब कशाला? आपल्या शिवपुरीला भदैया कुंड आहे. औषधी पाणी आहे. पूर्वी तिथे त्या पाण्याचा सोडावॉटरचा कारखाना होता."

"ऊन असतं का रे?"

बाबांनी आमटीत भात कालवला. "असतं की."

आई ताटाकडे बघत राहिली.

श्रावणात निघालो. आग्रा-मुंबई रस्त्याने बस, मोहना, सतनवाडा, दोन्हीकडे हिरवंगार जंगल. माईचं माहेर-सासर दोन्ही लष्करातलं, त्यामुळे शिवपुरी म्हटलं की तिला शिंदे सरकारच्या गोष्टी सुचायच्या. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याला कंटाळून दरबार तिकडे हलायचा, दोन फूट रुंदीची छोटी रेल्वे जायची. माधवराव महाराजांनी १९१८ साली मनियर नदीवर बांध घालून तलाव केला, त्याला आईचं नाव दिलं, सख्या सागर. डोंगरावर जॉर्ज कॅसल बांधला तो बादशहाच्या एका रात्रीच्या मुक्कामासाठी, आणि बादशहा तिथे राहिलाच नाही! हे सांगताना माईला दर वेळी हसू यायचं. (त्याच तलावाला २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, आणि २०२५ मध्ये माधव उद्यान व्याघ्र प्रकल्प झालं. माईला हे सांगायला हवं होतं. तलावात मगरी आहेत हे मात्र तिला ठाऊक होतं, म्हणून तिने मला काठाला फिरकू दिलं नाही.)

पहिल्या दिवशी छत्र्या पाहिल्या. सख्याराजेंची छत्री आणि समोर माधवरावांची, पांढऱ्या संगमरवराची. महाराज गेले १९२५ साली, तेही पार पॅरिसमध्ये. पण इथे आईसमोर आहेत. मूर्तींना रोज वस्त्रं नेसवतात, पुढे गाणं होतं. माई बराच वेळ तिथे बसून राहिली. मला वाटलं पाय दुखतायत म्हणून.

दुसऱ्या दिवशी भदैया कुंड. पावसाळ्यामुळे वरून पाणी नुसतं कोसळत होतं. पायऱ्या ओल्या. एका बाजूने बाबा, दुसऱ्या बाजूने आई, असं करत माईला खाली उतरवलं. खाली पोचायला पाऊण तास तरी लागला असेल. माईने लुगडं सावरलं आणि पाय पाण्यात सोडले.

बाबा धबधब्याकडे तोंड करून उभे होते.

मी शेजारी हात घातला. गार! विहिरीच्या पाण्यासारखं गार. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

माई बाबांच्या पाठीकडे बघत होती. मग म्हणाली, "बाळ, बरं आहे रे ऊन. बेताचं."

बाबा वळले नाहीत. "थोडा वेळ बस," एवढंच म्हणाले.

तीन दिवस राहिलो, तीनही दिवस माई पाण्यात पाय घालून बसली. गुडघ्यांना उतार पडला का? मला नाही वाटत. पण परत आल्यावर ती पुन्हा बाड्यावर जायला लागली, काठी घेऊन, वाटेत दोनदा बसत. कुणी विचारलं की सांगायची, "माझ्या मुलाने नेलं होतं शिवपुरीला. कोमट पाणी आहे हो, छान शेकतं." शेजारच्या काकू तिचं ऐकून खरंच गेल्या आणि तणतणत आल्या, "माई, अहो बर्फ आहे तो!" माई शांतपणे म्हणाली, "पावसाळ्यात गेलात ना, म्हणून." आम्ही कधी गेलो होतो, ते काकूंना ठाऊक नव्हतं.

माई १९८९ ला गेली. पोथीत आत्याचं पत्र तसंच होतं.

माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. निवृत्तीनंतर बाबा-आई माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना वज्रेश्वरीला नेलं. खरं तर आईच्या कंबरेसाठी. तानसा नदीच्या बाजूची ती कुंडं, वाफा, गंधकाचा वास, गर्दी. आई कुंडात उतरून बसली. बाबा काठावर, चपला काढून, पण पाय बाहेरच. त्यांनी एक बोट पाण्यात बुडवलं आणि झटकन काढलं.

बऱ्याच वेळाने आईला म्हणाले, "तिला कळलं होतं का गं तेव्हा?"

आई म्हणाली, "पहिल्याच दिवशी. रात्री धर्मशाळेत तिने माझ्याकडून पायांना तेल चोळून घेतलं, गारठले होते म्हणून. बाळला सांगू नको म्हणाली."

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी पाय पाण्यात सोडले. परतीच्या गाडीची वेळ झाली तरी ते उठेनात, मग आम्ही पुढच्या गाडीने आलो.