भरवसा आधी की वाचन आधी?

नळदुर्ग

चि. भाचीस,


देवावर भरवसा बसत नाही, मग बायबल उघडून काय उपयोग, आधी विश्वास नको का, असं तू विचारलंस. प्रश्न प्रामाणिक आहे, पण क्रम उलटा धरला आहेस असं मला वाटतं. ज्याचं बोलणं कधी ऐकलंच नाही त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि न्यायाने अविश्वासही दाखवता येत नाही. १८९३ साली नारायण वामन टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाशी कवितेवरून बोलणं निघालं आणि त्याने नवा करार त्यांच्या हाती दिला. टिळकांचा तेव्हा ख्रिस्तावर विश्वास नव्हता. वाचीन, एवढा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळला. हाती पेन्सिल घेऊन, पारखत वाचता वाचता मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी, त्यांचा पाय अडला. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. सुरुवातीला ते वाचक होते, विश्वासणारे नव्हते. पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, पण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं की तेव्हा त्यांना धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला आणखी कितीतरी वर्षं लागली. याच बाईंनी नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं आणि १९२२ साली मृत्यूपर्यंत त्या कामाला चिकटून राहिल्या. एवढ्या बुद्धीच्या बाईला जर वेळ लागला, तर तुला लागतो यात कमीपणा कसला?

यावर तू म्हणशील, वाचूनही विश्वास न बसलेले पुष्कळ आहेत. आहेतच. मी हमी देत नाही. माझं म्हणणं इतकंच की भरवसा ही तयार होत जाणारी गोष्ट आहे, आणि बायबलातला शब्दच तसं सांगतो. विश्वासासाठी हिब्रूत ‘एमुना’ हा शब्द आहे; आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो ‘आमेन’ त्याच धातूचा. मूळ अर्थ टिकणं, घट्ट राहणं. निर्गमच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेचे वर धरलेले हात थकतात. मग अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवून दोन्हीकडून हात धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. त्या स्थिर हातांसाठी मूळ भाषेत हाच शब्द वापरला आहे. म्हणजे एमुना मोशेची एकट्याची नव्हती. दोघांनी धरली म्हणून ती टिकली. आपल्या जुन्या मराठी बायबलात नीतिसूत्रांमध्ये देवावर ‘भाव ठेव’ असा शब्दप्रयोग आहे. वारकऱ्यांच्या तोंडचा हा ‘भाव’ मला ‘विश्वास’पेक्षा जवळचा वाटतो, कारण भाव रोज ठेवावा लागतो.

आता तुझा सगळ्यात जड आक्षेप. आपल्या भागात राहून देवावर भरवसा ठेवा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? पाऊस दगा देतो, कर्ज फिटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीत आणि आपल्याच जिल्ह्यातल्या सास्तूर भागात दगडमातीच्या भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो गेले. अशा वेळी कुणाचं पाप भोवलं, हा प्रश्न माणसाच्या ओठावर येतोच. येशूसमोरही तो आला होता. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं दगावली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजता काय, असं त्याने विचारलं आणि उत्तर दिलं, नाही. लूकचा तेरावा अध्याय वाच. बुरूज का पडला याचं स्पष्टीकरण तिथे नाही, मला ते हवं होतं. पण मेलेल्यांवर दोष ठेवायला तिथे साफ नकार आहे. ईयोबाच्या पुस्तकात मित्र हेच करतात, तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून त्याला शहाणपण शिकवतात, आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या मित्रांवरच रागावतो. देवाशी भांडणारा ईयोब नीट बोलला असं म्हणतो. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी सरळ तक्रारी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. देवावरच्या तक्रारी ज्या ग्रंथाने देवाच्याच पुस्तकात जपून ठेवल्या, तो तुझ्या शंकेला घाबरणार नाही.

तुझ्या मैत्रिणी म्हणतात, हा परक्यांचा ग्रंथ. फादर स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, ते मराठी ओवीत. आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल त्याच्या दोन-तीन वर्षंच आधीचा. त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली हेही खरं, आणि ते झाकून ठेवणं मला पटत नाही. पण सत्तेचा गुन्हा वेगळा आणि ओवीतली गोष्ट वेगळी. जानेवारी २०२० मध्ये आपल्या धाराशिवला मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे. विरोध झाला, तरी अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिलं. राहिला यहोशवाच्या पुस्तकातला रक्तपात. तो मला आजही टोचतो. मात्र त्याच संग्रहात योनाचं पुस्तक आहे आणि त्यात शत्रूच्या निनवे शहरातल्या एक लाख वीस हजारांवर माणसांची, वर गुराढोरांचीही, देवाला कणव येते. पुस्तकं एकमेकांशी वाद घालतात. तो वाद ऐकत वाच.

उत्पत्तीपासून सुरुवात करू नकोस, लेवीयापाशी दम तुटेल. मार्क घे. सोळाच अध्याय आहेत, शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं. रोज एक, आणि जिथे पटत नाही तिथे टिळकांसारखी पेन्सिलीची खूण कर. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आहे, विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच श्वासात कबूल करणारा. येशू त्याला परत पाठवत नाही, पोराला बरं करतो. तिथे थोडी थांब. सर्वात जुन्या हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओळीवरच संपतो. कबर रिकामी असते, बाया थरथरत पळत सुटतात आणि भीतीने कुणाला काही बोलत नाहीत. तिथवर पोचलीस की मला पत्र लिही.

तुझा
मामा