दप्तराची कोठी

आमच्या घरांत वकिलीचा व्यवसाय तीन पिढ्या चालू आहे. वाशिमच्या वाड्यांत ओसरीला लागून जी खोली आहे, तिच्या फडताळांत आजोबांच्या काळचे, लाल रुमालांत बांधलेले बस्ते अद्यापि आहेत. त्यांना वाळवी लागूं नये म्हणून दर वर्षीं दसऱ्यापूर्वीं त्यांस ऊन दाखवून ते पुन्हां बांधण्याचा नेम आमच्या मातोश्रींनीं आयुष्यभर पाळला. आम्ही पडलों सुधारलेले! आम्हीं गेल्या बारा वर्षांतील पक्षकारांचीं कागदपत्रें स्कॅन करून एका संगणकांत ठेविलीं, आणि तीं तेथें सुरक्षित आहेत असें समजून स्वस्थ झोपलों.

ही झोप तीन वर्षांपूर्वींच्या आषाढांत मोडली. रिसोड तालुक्यांतील एक वृद्ध बाई कचेरींत आल्या. घराच्या कौलांतून पाणी गळून त्यांच्या पेटींतील कागदांचा लगदा झाला होता. सन १९७१ सालीं त्यांच्या सासऱ्यांनीं मुलांमध्यें शेताची वाटणी करून जी याद लिहिली, ती त्यांतच गेली. ती नोंदविलेली नसल्यामुळें तिची नक्कल कोणत्याहि सरकारी कचेरींत मिळण्यासारखी नव्हती. परंतु आम्हीं ती पूर्वींच स्कॅन करून घेऊन मूळ कागद त्यांस परत दिला होता. बाई अगदीं निर्धास्त होत्या. "तुमच्या मशीनमंदी हाये ना वकीलसाहेब, मंग मले कायचं भेव?" असें त्या म्हणाल्या.

आणि नेमक्या त्याच आठवड्यांत, विजेचा लपंडाव चालू असतां, तो संगणक बंद पडला होता. आंतील चकती टक् टक् असा आवाज करी आणि कांहीं केल्या वाचूं देईना. ती नागपुरास पाठविली. तेथूनहि ती नकार घेऊनच परत आली. मूळ दस्त नष्ट झाला असतां त्याची नक्कल दुय्यम पुरावा म्हणून पुढें करतां येते हें कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासहि ठाऊक असतें. पण नक्कलच नसेल तर वकील काय करणार? दिरांच्या मुलांनीं अशी याद कधीं झालीच नाहीं असें सांगितलें, आणि शेवटीं तडजोडींत बाईंना सव्वा एकर काळी जमीन सोडावी लागली. त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंहि बोल लाविला नाहीं. आम्हीं फी घेतली नाहीं. परंतु त्यानें जमीन थोडीच परत येणार होती!

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील सारीं माणसें माजघरांत बसलीं. पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या सुटींत आला होता. तो म्हणाला, "काका, कचेरीसाठीं आतां एक लहानसा सर्व्हर घेऊं या. पांचहि संगणकांवरचें काम त्या एका ठिकाणीं राहील." आमच्या वडिलांचें वय चौऱ्यायशीं. त्यांना सर्व्हर म्हणजे काय हें समजावून सांगावें लागलें. पण समजतांच त्यांनीं जो प्रश्न विचारला तो आम्हां सर्वांच्या मागून सुचला असता. ते म्हणाले, "म्हणजे सगळें एका कोठींत ठेवणार. आणि कोठी जळाली तर?"

या प्रश्नाचें उत्तर आमच्या जिल्ह्याच्या मातींतच आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचें ताम्रपट येथें १९३९ सालीं सांपडले. चार पत्रे, वंशावळ संस्कृतांत आणि दानाचा मजकूर प्राकृतांत. ब्राह्मणांना दिलेल्या एका गांवाचा तो दाखला सुमारें सोळाशें वर्षें टिकला, कारण तो तांब्यावर कोरला होता. उलट कारंजाचीं ग्रंथभांडारें पाहा. तेथील जैन मंदिरांतून कागदांवरच्या शेंकडों हस्तलिखित पोथ्या जपल्या गेल्या. रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचींतून त्या विद्वानांच्या नजरेस आल्या, आणि पुढें १९३१ पासून पुष्पदंताचें अपभ्रंश काव्य कारंजाच्याच ग्रंथमालेंत छापून निघालें. पुष्पदंत दहाव्या शतकांतला. त्याच्या हातचा कागद वा ताडपत्र कोठून उरणार! उरलें तें नकलेची नक्कल होत आल्यामुळें, आणि त्या नकला गांवोगांवच्या भांडारांत विखुरल्यामुळें. तांब्याचा पत्रा घडविणें आम्हांस शक्य नाहीं. म्हणून कारंजाची रीत धरणें एवढाच मार्ग उरला.

एका इमारतींतच सर्व असलें म्हणजे काय होतें हें साऱ्या महाराष्ट्रानें २१ जून २०१२ रोजीं मंत्रालयाच्या आगींत पाहिलें. तेथें फायलींबरोबर माणसेंहि गेलीं. वडिलांची शंका म्हाताऱ्याची भीति म्हणून सोडून देण्यासारखी मुळींच नव्हती.

मग आम्ही वही घेऊन बसलों. पहिला प्रश्न, सांठवावयाचें किती? स्कॅन केलेलें एक पान सुमारें ३०० किलोबाईट धरलें आणि एका प्रकरणाचीं सरासरी २०० पानें धरलीं, तर एक प्रकरण ६० मेगाबाईटचें होतें. आमचीं जुनीं-नवीं मिळून तीन हजार प्रकरणें. म्हणजे १८० गिगाबाईट. पुतण्याची मजल पार आठ चकत्यांच्या यंत्रापर्यंत गेली होती. हा हिशेब पाहून तो खालीं उतरला. चार-चार टेराबाईटच्या दोन चकत्या बसतील असें एक लहान यंत्र ठरलें. यास नॅस म्हणतात. दोहोंवर एकच मजकूर एकाच वेळीं लिहिला जातो. एक चकती मेली तरी दुसरीवर काम चालू राहतें. ही रेडची कल्पना अमेरिकेंतील बर्कले विद्यापीठाच्या तिघां संशोधकांनीं १९८८ सालीं मांडिली.

परंतु येथेंच पुष्कळ लोक फसतात. जुळ्या चकत्या म्हणजे आरसा आहे. आपल्या तोंडाला काजळ लागलें तर तें आरशांतहि दिसावयाचेंच. कारकुनानें चुकून एखादी फाईल पुसली तर ती दोन्हीं चकत्यांवरून एकाच क्षणीं पुसली जाते. मे २०१७ मध्यें वानाक्राय नांवाच्या खंडणीखोर विषाणूनें दीडशेंहून अधिक देशांत थैमान घातलें; अशा विषाणूनें फायलींस कुलूप घातलें म्हणजे आरशांतहि कुलूपच दिसतें. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक परगांवीं, हा जाणत्यांचा नियम आम्हीं स्वीकारला. पहिली प्रत नॅसवर. दुसरी एका सुट्या डिस्कवर. ती दर शनिवारीं भरून, लगेच तारेपासून सोडवून, घरच्या लोखंडी कपाटांत ठेवावयाची. तिसरी, कुलूपबंद लिपींत, रोज रात्रीं इंटरनेटवरून भाड्याच्या सर्व्हरवर. शिवाय नॅस स्वतः मागील तीस दिवसांचीं रूपें राखून ठेवील, म्हणजे कालची चूक आज सुधारतां येईल.

उरला वऱ्हाडचा उन्हाळा आणि वीज. पारा ४४ वर जातो तेव्हां बंद खोलींतील यंत्राचे हाल होतात. म्हणून तें पत्र्याच्या माळ्यावर न ठेवतां, जमिनीपासून दोन हात उंच, हवेशीर कोनाड्यांत ठेविलें. त्यास यूपीएस जोडला. वीज गेली कीं कांहीं मिनिटांनीं यंत्र आपण होऊन नीट बंद होतें. सारा खर्च एका साध्या दुचाकीच्या किमतीपेक्षां कमीच आला.

किल्ल्यांचा प्रश्न वहिनींनीं सोडविला. त्या कचेरीचे हिशेब पाहतात. त्या म्हणाल्या, "भाऊजी, कोठीघराची किल्ली मी सर्वांना देत नाहीं, पण जेवावयास कोणी अडत नाहीं." त्याप्रमाणें प्रत्येकाला वेगळें नांव आणि वेगळा परवलीचा शब्द दिला. कारकुनास वाचतां आणि भरतां येतें, पुसतां येत नाहीं. पक्षकाराचें गुपित हें आमच्याकडे ठेव आहे. ती उघड्या कोनाड्यांत कशी ठेवावी?

इतकें करून आम्ही कृतार्थ झालों. महिना झाला तेव्हां वडील सहज म्हणाले, "शनिवारची ती पेटी उघडून कोणी पाहिली आहे का?" पाहिली, तों परगांवची प्रत अकरा दिवसांपासून थांबलेली! कोणीतरी मोबाईल लावण्यासाठीं इंटरनेटच्या पेटीची तार काढून ती दुसऱ्याच भोंकांत खोंवली होती. कचेरींतील कामें मोबाईलवरून भागत गेलीं आणि रात्रींची नक्कल निघाली नाहीं हें कोणाच्या लक्षांतच आलें नाहीं. यंत्र आपल्या पानावर सूचना दाखवीत होतें, परंतु तें पान पाहण्याचें काम आमचेंच, आणि आम्ही तें उघडीत नव्हतों. दोष कोणास द्यावा? तेव्हांपासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तिन्ही ठिकाणांहून कोणतीहि एक फाईल परत काढून, डोळ्यांनीं वाचून, वहींत सही करावयाची असा दंडक आहे. मातोश्रींच्या ऊन दाखविण्याच्या नेमाचा अर्थ आम्हांस असा उशिरां कळला. बस्ते सोडल्याशिवाय वाळवी लागली कीं नाहीं हें समजत नसतें.

वाचकांच्या घरींहि खरेदीखतें, मृत्युपत्रें, लग्नाचे फोटो, कोणा आजीच्या हातचीं पत्रें, हीं एखाद्या मोबाईलमध्यें किंवा जुन्या संगणकांत पडलेलीं असतील. त्यांच्या तीन प्रती कोठें कोठें आहेत हें आजच रात्रीं जेवणानंतर एकमेकांस विचारून पाहावें, एवढीच विनंति.

गेल्या वैशाखांत त्या बाई पुन्हां आल्या. नातवाच्या नांवें उरलेल्या शेताची कागदपत्रें करावयाचीं होतीं. आम्हीं तीं स्कॅन केलीं, आणि या वेळीं त्यांची एक छापील नक्कल पिशवींत घालून त्यांच्याहि हातीं दिली. त्यांनीं ती नीट कमरेला खोंवली आणि विचारलें, "आता मशीनमंदी हाये ना?" आम्हीं म्हटलें, "आहे आजी. पण तुम्हीहि जपून ठेवा."