थेंबाला व्होल्टेज देताना

टी.वाय.च्या प्रोजेक्टचे विषय आमच्याकडे जवळपास ठरलेलेच असतात. सोलर चार्जर, एलईडीवरून प्लांकचा स्थिरांक, अर्डुइनोवर तापमान मोजणं. मीही वर्षानुवर्षं तेच देत आले. पण एका वर्षी एका जोडीने वेगळाच विषय आणला. त्यातल्या मुलीचा मामा चाकणला एका कारखान्यात आहे. तिथल्या लाइनवर बारकोड वाचणारा कॅमेरा होता. खोकं जवळ असो की लांब, तो क्षणात फोकस करायचा, पण भिंग जागचं हलायचं नाही. आत मोटरच नव्हती. "मॅडम, त्यात पाण्याचं भिंग असतं म्हणे. वीज दिली की आकार बदलतं." मला गंमत वाटली आणि मी हो म्हणाले.

आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यात आहे. लॅब जुनी, सामान त्याहून जुनं. बजेट म्हणाल तर दोन्ही मुलांच्या खिशात होतं तेवढंच. कोणाला हा प्रयोग करायचा असेल तर आम्ही कुठे कुठे अडलो ते आधी वाचलेलं बरं.

मुलांनी सुरुवात केली ती सरळ तांब्याच्या पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून. पट्टीला एक वायर, थेंबात दुसरी. दोन-तीन व्होल्ट झाले की थेंबात बुडबुडे. आणखी वाढवलं की पट्टी हिरवट. थेंब पसरायचा राहिला बाजूला, नुसतं इलेक्ट्रोलिसिस चाललं होतं. व्होल्टेजने द्रव हलवण्याच्या या कल्पनेची मुळं जुनी आहेत. गॅब्रिएल लिपमान या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७५ मध्ये दाखवलं की पाऱ्यावर आम्लाचं पाणी ठेवून व्होल्टेज दिलं तर पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो आणि नळीतला पारा सरकतो. पण तिथेही व्होल्टेज एखाद्या व्होल्टच्या वर नेता येत नाही, पाण्याचं विघटन सुरू होतं. हे कोडं सुटायला शंभरावर वर्षं गेली. ग्रेनोबलच्या ब्रुनो बर्ज यांनी १९९३ मध्ये धातू आणि पाणी यांच्यामध्ये पातळ विद्युतरोधक थर घातला. मग करंट जवळजवळ वाहतच नाही. थेंब आणि धातू मिळून एक कपॅसिटर होतो. व्होल्टेज दिलं की थेंब पसरतो, कारण पसरला की त्या कपॅसिटरचं क्षेत्रफळ वाढतं.

म्हणजे सगळा खेळ त्या थरावर. जाणकार लोक टेफ्लॉनच्या जातीचं महागडं द्रावण वापरतात. त्याची किंमत बघून आम्ही ती वेबसाइट बंद केली.

मुलगा हार्डवेअरच्या दुकानातून नळाला गुंडाळायची टेफ्लॉन टेप घेऊन आला. कल्पना वाईट नव्हती. टेपवर थेंब अळूच्या पानावर बसावा तसा टरारून बसला. पण व्होल्टेज कितीही द्या, हालचाल शून्य. टेप जाड असते आणि तिला सूक्ष्म छिद्रं असतात. थर जितका जाड तितका परिणाम कमी, आणि छिद्रातून पाणी खाली गेलं की शॉर्ट. ती टेप शेवटी लॅबच्या गळक्या नळाला उपयोगी पडली.

मग आली स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म. खोक्यावर पॉलिथिलीन लिहिलेली बघून घेतली. तिची जाडी स्क्रू गेजवर येत नाही, लीस्ट काउंटच तेवढा असतो. मुलांनी फिल्मच्या सोळा घड्या एकत्र धरून मोजल्या आणि सोळाने भागलं. सुमारे ११ मायक्रॉन आली. एवढ्या जाडीला दोनशे व्होल्टच्या आसपास लागणार हे गणिताने दिसत होतं.

दोनशे व्होल्ट म्हटल्यावर मुलगा लगेच म्हणाला, "डिमरस्टॅट लावू या ना मॅडम." इथे मी कडक झाले. डिमरस्टॅटमधून येणारी वीज मेन्सपासून सुटी नसते. ओल्या हातांनी, मिठाच्या पाण्याजवळ, उघड्या वायरला ती लावायची नाही म्हणजे नाही. कपाटात व्हॅक्युम ट्यूबच्या जुन्या प्रयोगांचा ० ते ३०० व्होल्टचा एचटी सप्लाय पडून होता. तो काढला. थेंबाच्या वायरमध्ये एक मेगाओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला, म्हणजे चुकून हात लागला तरी करंट मिलिअँपिअरच्या आतच राहील. सप्लाय बंद केला तरी त्यातले कपॅसिटर बराच वेळ भरलेले असतात. म्हणून बंद केल्यावर मीटरवर शून्य दिसेपर्यंत कोणी हात लावायचा नाही असा नियम केला. मुलांना तो जाचक वाटला. वाटू दे.

ॲल्युमिनियम फॉईलवर फिल्म ताणली, थेंब ठेवला, व्होल्टेज वाढवत नेलं. एकाच फिल्मवर एका जागी थेंब पसरायचा, दुसऱ्या जागी ढिम्म. कारण कळायला वेळ लागला. फिल्म आणि फॉईलमध्ये हवेचे कप्पे राहत होते. हवेचा तेवढा थरही अंतर वाढवतो आणि परिणाम खातो. यावर उपाय आमच्या लॅब असिस्टंटनी सुचवला. फॉईलवर आधी तेलाचा हात फिरवायचा आणि मग फिल्म बसवायची. तेल हवा बाहेर काढतं आणि फिल्म चिकटून बसते. आधी खोबरेल घेतलं. दुपारी झकास चाललं. डिसेंबरातल्या सकाळी येऊन बघतो तर तेल फिल्मखाली थिजून पांढरं झालेलं. मग केमिस्ट्रीच्या ऑइल बाथमधलं सिलिकॉन ऑइल मागून आणलं. तेच फिल्मच्या वरूनही अगदी पातळ फिरवलं. त्यामुळे थेंब अडकून न बसता सहज सरकायला लागला. पूर्ण प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर या तेलाचा.

तरी डीसीवर एक दुखणं राहिलंच. पहिल्यांदा थेंब छान पसरायचा. व्होल्टेज काढलं की पूर्ण परत यायचा नाही. पुन्हा दिलं की आधीपेक्षा कमी पसरायचा. फिल्मच्या पृष्ठभागावर विद्युतभार अडकून बसतो आणि तोच पुढच्या वेळी आड येतो. म्हणून खऱ्या उपकरणांत एसी वापरतात.

एसीसाठी साधा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला. आधी दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरने मेन्सचे १२ करून ते याला दिले. काम झालं, पण थेंब थरथरायला लागला. फोटोत कडाच दिसेना. परिणाम व्होल्टेजच्या वर्गावर चालतो, त्यामुळे ५० हर्ट्झला थेंबावर सेकंदाला १०० धक्के बसतात, आणि एवढासा थेंब त्या तालावर मजेत नाचतो. मग सिग्नल जनरेटरचा एक किलोहर्ट्झ छोट्या ऑडिओ ॲम्प्लिफायर बोर्डाला दिला आणि त्याचं आउटपुट उलट्या ट्रान्सफॉर्मरला. बोर्डातून दहा-अकरा व्होल्ट दिले की पलीकडे दोनशेच्या आसपास मिळायचे. एक किलोहर्ट्झला थेंबाला नाचायला सवडच मिळत नाही, तो सरासरी तेवढी मानतो आणि शांत बसतो. व्होल्टेज मोजायला साधा मल्टिमीटर घेऊ नका. या फ्रिक्वेन्सीला त्याच्या एसीच्या आकड्यावर भरवसा नाही. आम्ही सीआरओवर १० एक्स प्रोब लावून मोजलं.

आता थेंब बघण्यासारखा झाला. मागे एलईडीचा दिवा, मध्ये बटर पेपर, पुढे मोबाइलला लावलेली स्वस्त मॅक्रो लेन्स. व्होल्टेज नसताना थेंबाची कड फिल्मशी काटकोनापेक्षा थोडा मोठा कोन करून उभी. नॉब फिरवत गेलं की आधी काहीच नाही. शंभरच्या पुढे कड बाहेर सरकते, माथा खाली येतो, आणि तो कोन लघुकोन होतो. शंभरवरून दोनशेवर गेलं की परिणाम चौपट, हे ग्राफवर स्वच्छ आलं. त्याच्याही पुढे गेलं की ग्राफ आडवा होतो. गणित सांगतं थेंब पूर्ण सपाट व्हावा, पण तो एका कोनापाशी हट्टाने थांबतो. ही मर्यादा सगळ्यांनाच भेटते, आणि तिचं सर्वमान्य कारण अजून ठरलेलं नाही. मुलं त्यावर खूश होती. पुस्तकात नसलेलं काहीतरी आपल्या टेबलावर दिसतंय म्हणून.

फिल्म अधूनमधून फुटायची. बारीक चट्ट आवाज, फिल्मवर काळा ठिपका, थेंबात बुडबुडे. धुळीचा कण किंवा सुरकुती असली की हमखास. दर वेळी नवा तुकडा घ्यायचा आणि पुढे जायचं.

भिंगासाठी फॉईलला पंचने छोटं भोक पाडलं. काचेच्या स्लाइडवर फॉईल, तेल, फिल्म, आणि भोकावर बरोबर मधोमध थेंब. वायर थेंबाच्या कडेला, नाहीतर तीच मध्ये दिसते. स्लाइडच्या दोन्ही टोकांखाली दोन-दोन स्लाइड घालून ती उचलली आणि खाली ग्राफ पेपर सरकवला. वरून बघितलं तर मिलिमीटरचे चौकोन मोठे दिसत होते. व्होल्टेज दिलं की थेंब चपटा झाला आणि चौकोन लहान झाले. काढलं की पुन्हा मोठे. मुलीने ते कितीतरी वेळा करून बघितलं. मीही बघितलं, मुलं गेल्यावर.

थेंब मात्र दिव्याखाली सुकत जायचा आणि सकाळचं रीडिंग दुपारी जुळायचं नाही. पाण्यात थोडं ग्लिसरीन घातलं तेव्हा तो टिकायला लागला. बाजारातल्या भिंगात हा प्रश्न येत नाही, कारण आत मिठाचं पाणी आणि तेल दोन्ही बंद डबीत असतात. दोघांची घनता सारखी ठेवलेली असते, त्यामुळे डबी आडवी करा की हलवा, मधली वक्र सीमा ढळत नाही. बर्ज यांनी २००२ मध्ये लियाँला काढलेल्या व्हॅरिऑप्टिक कंपनीने हीच भिंगं बनवली.

वेळ उरला म्हणून डिस्प्लेचाही एक ठिपका करून बघितला. फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या हेज आणि फेनस्ट्रा यांनी २००३ मध्ये असे ठिपके दाखवले होते. रंगीत तेलाचा थर, वर पाणी. व्होल्टेज दिलं की पाणी खाली दाबतं, तेल कोपऱ्यात गोळा होतं आणि मागचा पांढरा रंग दिसतो. आम्हाला तेलात विरघळणारा रंग हवा होता. तो प्राणिशास्त्र विभागात मिळाला, चरबी रंगवायचा सुदान थ्री. फिल्मवर प्लास्टिकची रिंग बसवायला कुठलाही गोंद धरेना. व्हॅक्युम ग्रीजने काम भागलं. सगळं जुळवून व्होल्टेज दिलं तर तेल हलेना. दोष रेझिस्टरचा निघाला. रिंगमध्ये पाण्याचं क्षेत्रफळ थेंबाच्या कितीतरी पट, म्हणजे कपॅसिटन्सही तितका जास्त, आणि निम्म्याहून जास्त व्होल्टेज तो एक मेगाओहमच खात होता. तिथे शंभर किलोओहम लावला. करंट आता जास्त वाहू शकतो, म्हणून एक हात खिशात ठेवूनच काम करायचं असा नियमही केला. मग तेल फाटलं. एका कोपऱ्यात मात्र गेलं नाही, त्याचे लाल मणी झाले आणि मधून चंदेरी फॉईल दिसली. व्होल्टेज काढल्यावर मणी हळूहळू पुन्हा एक झाले. खऱ्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला सूक्ष्म भिंती असतात, त्या तेलाला वळण लावतात. आमच्याकडे भिंती नव्हत्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणाले, "हे डिस्प्ले तर बाजारात दिसत नाहीत. मग शिकून उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. फिलिप्समधून निघालेली लिक्वाविस्टा कंपनी आधी सॅमसंगने घेतली, २०१३ मध्ये ॲमेझॉनने घेतली, आणि २०१८ मध्ये तिचं काम थांबवलं. मुलीने हे सगळं सांगितलं. वर म्हणाली, "सर, पडदा नाही चालला, पण भिंग चाललंय. माझ्या मामाच्या लाइनवर रोज खोकी वाचतंय." सरांनी नॉब स्वतः फिरवून बघितला. मार्क बरे दिले.

या वर्षी दुसऱ्या जोडीला हाच विषय हवा आहे. त्यांना मी आधी फक्त फिल्म बसवायला सांगितलंय, सुरकुती न पडता. ते जमलं की मगच ट्रान्सफॉर्मर हातात देणार. ऑडिओ बोर्ड गेल्या खेपेला गरम होऊन गेला होता, तेव्हा या वेळी हीटसिंक मोठा घ्यायचा आहे. सिलिकॉन ऑइलही केमिस्ट्रीला परत द्यायचं राहिलंय. ते लोक आता विचारायला लागलेत.