चॅसी कारखान्याची, बॉडी सुताराची

दारात मोटार उभी राहिली की आपण विचारतो, "कोणत्या कंपनीची?" पण अमेरिकेत एके काळी अशी एक मोटार होती, की तिच्याबाबत दोन प्रश्न विचारावे लागत. यंत्र कोणाचे आणि बॉडी कोणाची? तिचे नाव ड्यूसेनबर्ग.

माझा पुतण्या तिकडे इंडियाना राज्यात नोकरीला असतो. ऑबर्न गावच्या संग्रहालयात त्याने ती पाहिली आणि मला छायाचित्रे धाडली. तेव्हापासून या गाडीविषयी मिळेल ते मी वाचत आलो.

मला कौतुक वाटले ते फ्रेड ड्यूसेनबर्गचे. जन्म जर्मनीतला, पण १८८५ साली कुटुंब अमेरिकेतल्या आयोवा या शेतीच्या मुलखात आले. तरुणपणी हा गडी शेतीची यंत्रे दुरुस्त करी. पुढे सायकली, मग शर्यतीच्या मोटारी. १९२१ साली ड्यूसेनबर्गने फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली.

डिसेंबर १९२८ मध्ये त्याची 'जे' मोटार लोकांपुढे आली. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तिची ताकद २६५ अश्वशक्ती! आपले नेहमीचे ट्रॅक्टर चाळीस-पन्नासचे, यावरून ताळा करावा. आपण गाडीला वंगणाचे नळकांडे टांगतो. हिच्यात ठरावीक अंतर धावले की चॅसीच्या सांध्यांना आपोआप वंगण मिळे.

आपल्याकडे ट्रकची चॅसी घेऊन बॉडी बांधून घेतात ना, तीच तिथली रीत. नुसत्या चॅसीलाच सुरुवातीला साडेआठ हजार डॉलर. फोर्डची साधी मोटार तेव्हा पाचशेच्या आसपास मिळे. मग बॉडी बांधणारे कारागीर अ‍ॅश नावाच्या चिवट लाकडाची चौकट जुळवत आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून बसवत. इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी १९३६ ची अशीच गाडी झाली. यंत्र अमेरिकेचे, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग केशरी आणि काळा.

फ्रेड १९३२ साली मोटार अपघातानंतर वारला. मंदीने गिऱ्हाईक आटले. साच्यातून दाबून काढलेल्या पोलादी बॉड्या स्वस्त पडू लागल्या. १९३७ साली कारखाना बंद पडला. 'जे' जातीच्या गाड्या झाल्या जेमतेम ४८०.

तरी त्यांतल्या बऱ्याच आज चालू आहेत. कारण लाकडी चौकट पुन्हा जुळवणारे हात तिकडे अजून आहेत, आणि मापे जपून ठेवलेली आहेत.

इथे मात्र माझे मन आमच्या पडवीकडे वळते. तिथे वडिलांच्या गाडीचे एक चाक भिंतीला टेकून आहे. ते घडवणारे सुतारकाका बैलांची उंची आणि शिवारातली वाट पाहून मगच बाभूळ निवडत. आरे किती कलते ठेवायचे, तुंब्याला भोक केवढे, लोहाराने धाव किती तापवायची, सगळे त्यांच्या डोक्यात. त्यांचा नातू आज दारे-खिडक्या करतो, चांगल्या करतो. पण चाकाची विद्या काकांबरोबर गेली. कोणी लिहून घेतली नाही.

तुमच्या गावात असा एखादा म्हातारा सुतार असेल, तर या सुटीत मुलांना वही आणि टेप देऊन त्याच्याकडे पाठवा. अंगणात बसून तो आनंदाने सांगेल. मोटार होळकरांची असो की गाडी आपली, पुढे तिला कोणी तरी दुरुस्त करू शकेल ते त्या वहीमुळेच.